शेजारची शहरे, तीन ऋतू



वैशाखातला दिवस, अंग अजून तापलेले, आणि तरीही आपण घरचा पंखा सोडून व्याख्यान ऐकायला आलात, याबद्दल प्रथम आपलेच आभार मानतो. अशा व्यासपीठांवरून पंडित बोलतात, इतिहाससंशोधक बोलतात, शास्त्रज्ञ बोलतात. मी त्यांपैकी कोणीच नव्हे. मी बँकेत कारकून म्हणून लागलो आणि खातेवह्यांची बेरीज-वजाबाकी करीत निवृत्त झालो. मात्र शनिवारी अर्ध्या दिवसाने बँकेचे दार लागले की गळ्यात कॅमेरा अडकवून एसटी स्थानक गाठायचे आणि रविवारी रात्री शेवटच्या गाडीने परतायचे, हा क्रम मी सुमारे तीस वर्षे चालवला. आमच्या घरी त्याला ‘शनिवारची साडेसाती’ असे नाव होते. त्या साडेसातीने मला काय दिले, ते सांगावे, अशी चालकांची इच्छा आहे.

पडदा लावून चित्रे दाखवण्याची तयारी चालकांनी ठेवली होती. मीच नको म्हटले. चित्र समोर आले की माणूस ऐकायचे थांबतो, हा माझा अनुभव आहे. आणि मला जे सांगायचे आहे ते माझ्या चांगल्या चित्रांविषयी नाहीच. जी चित्रे मला पहिल्या खेपेला काढता आली नाहीत, त्यांविषयी आहे.

लोक मला विचारतात, ‘काश्मीरला गेला होतात का? राजस्थान केलेत का?’ नाही. कारकुनाच्या रजेत आणि पगारात ते बसत नव्हते. माझी मजल वाई, नाशिक, नगर, कोल्हापूर एवढीच. पुण्याहून वाई सुमारे ९० किलोमीटर, नगर १२०, नाशिक २१०, कोल्हापूर २३०. शनिवारी दुपारी निघून रविवारी रात्री परत यावे, एवढ्या अंतरातली ही शहरे. प्रारंभी मला याचे वाईट वाटे. पुढे ध्यानात आले की जवळच्या गावात एक गुण असतो, तो दूरच्या गावात नसतो. तेथे पुन्हा जाता येते. काश्मीरला गेलेला मनुष्य काश्मीर एकदा पाहतो. मी वाई वैशाखात पाहिली, आषाढात पाहिली, माघात पाहिली. आणि माझी खात्री झाली की एका ऋतूत पाहिलेले शहर हे निम्मेदेखील पाहिलेले नसते.

आता हे का, हे सांगण्यासाठी थोडे उजेडाचे शास्त्र सांगितले पाहिजे. घाबरू नका, फार नाही.

आमच्या वेळी १२० क्रमांकाच्या रोलवर बारा चित्रे निघत. बारा म्हणजे बाराच. तेरावे हवे असेल तर दुसरा रोल, आणि दुसऱ्या रोलचे पैसे म्हणजे घरात दोन दिवसांची भाजी. त्यामुळे प्रत्येक वेळी कळ दाबण्यापूर्वी उजेडाचा हिशेब करावा लागे. तो हिशेब पुष्कळांना तोंडपाठ असे. स्वच्छ ऊन असेल तर भिंगाचे छिद्र १६ या आकड्यावर ठेवावे आणि फिल्मच्या वेगाचा जो आकडा, सेकंदाच्या तितक्याव्या भागाएवढा वेळ पडदा उघडावा. १२५ वेगाची फिल्म असेल तर सेकंदाचा १२५ वा भाग. आभाळ दाट भरून आले की छिद्र १६ वरून ११, ११ वरून ८, ८ वरून ५.६ असे उघडत न्यावे लागते. प्रत्येक पायरीला उजेड दुप्पट आत येतो. तीन पायऱ्या म्हणजे आठपट. याचा अर्थ असा की आषाढातल्या दुपारी आपण ज्याला ‘दिवस’ म्हणतो तो वैशाखातल्या दिवसाच्या एक अष्टमांश उजेडाचा असतो. आपला डोळा हे आपल्याला कळू देत नाही. तो आपली बाहुली मोठी करतो आणि गप्प बसतो. फिल्म मात्र गप्प बसत नाही.

दुसरी गोष्ट सूर्याच्या उंचीची. पुण्यात मे महिन्याच्या मध्याला, म्हणजे आपल्या या व्याख्यानांच्याच दिवसांत, आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. उभ्या खांबाची सावली खांबाच्या पायाशीच विरते. त्याच खांबापाशी डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी जाऊन उभे राहा. सूर्य क्षितिजापासून अवघा ४८ अंश वर असतो आणि दहा फुटांच्या खांबाची सुमारे नऊ फूट लांब सावली पडते. खांब तोच, वेळ तीच. वैशाखात वरच्या उन्हामुळे मूर्तीच्या भुवयांखाली दोन काळे खड्डे दिसतात. पौषात तेच ऊन तिरपे येऊन गालांवरून फिरते आणि मूर्ती हसते. पावसाळ्यात ऊनही नाही आणि सावलीही नाही, पण आपला जो काळा दगड उन्हात नुसता काळा गोळा दिसतो, त्याच्यावरची छिन्नीची प्रत्येक रेघ ढगाळ उजेडात मोजून घ्यावी अशी दिसते. म्हणजे एका मूर्तीची तीन चित्रे झाली. यांत खरे कोणते? तिन्ही खरी. म्हणूनच एकावर समाधान मानू नये.

एवढे शास्त्र पुरे. आता वाईला जाऊ.

वाईचा ढोल्या गणपती आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. सरदार गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये कृष्णेच्या घाटावर हे देऊळ बांधले. मी पहिल्या दोन वर्षांत तेथे सहा-सात वेळा गेलो असेन आणि प्रत्येक वेळी समोरून चित्र काढले. शिखर, घाटाच्या पायऱ्या, पायरीवर धुणे धुणाऱ्या बायका. चित्र सुरेख येई. एका प्रदर्शनात त्याला बक्षीसही मिळाले, त्यामुळे माझी खात्रीच झाली की वाई मला कळली.

घाटावर दुर्वा-फुले विकणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई बसत. त्यांनी एका उन्हाळ्यात मला हटकले. ‘काय ओ दादा, दर खेपेला पुढूनच काढताय. मागल्या अंगानं बघितलंसा का कधी?’

मी म्हटले, ‘मावशी, मागे नुसती भिंत आहे.’

त्या म्हणाल्या, ‘भिंतच बघा म्हणते मी. पाऊस लागला की या. मग कळंल.’

आषाढात गेलो. वर पाऊस धरून राहिला होता आणि कृष्णा पायऱ्या चढून देवळाच्या अंगाला लागली होती. मावशींच्या म्हणण्याप्रमाणे मागच्या बाजूला जाऊन उभा राहिलो आणि माझी मलाच लाज वाटली. देवळाची मागची भिंत सपाट नव्हतीच. ती माशाच्या आकाराची, मधोमध निमुळती होत पुढे आलेली आहे. उन्हाळ्यात मी ती पाहिली होती, पण ती अशी का, हा प्रश्न मला पडला नव्हता. आता नदीच तो प्रश्न विचारत होती आणि नदीच उत्तर देत होती. लोंढा त्या निमुळत्या धारेवर येऊन आदळे, दुभंगे, आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी मुकाट्याने निघून जाई. अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने देऊळ बांधताना भक्त कोणत्या बाजूने येणार याचा विचार केला होता, आणि पूर कोणत्या बाजूने येणार याचाही केला होता. मी फक्त भक्तांच्या बाजूने चित्रे काढीत बसलो होतो.

त्या दिवशी उजेड इतका कमी होता की बारापैकी नऊ चित्रे हलली. तीन आली. ती मी मावशींना दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी ती पाहिली, परत दिली आणि म्हणाल्या, ‘आता कळलं न्हवं? मग झालं.’ बक्षीस मिळाले तेव्हा मला एवढा आनंद झाला नव्हता.

श्रोतेहो, येथून माझ्या फिरण्याला दिशा लागली. मला असे वाटू लागले की आपल्या जुन्या शहरांतून अशी पुष्कळ बांधकामे असतील की ज्यांचा अर्थ एखाद्या विशिष्ट ऋतूतच उलगडतो. एरवी ती मिटलेली असतात. दुपारी मिटलेले फूल पाहून ‘हे असेच असते’ म्हणणाऱ्या माणसासारखे आपण पर्यटक असतो.

नाशिकचेच पाहा. गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. उन्हाळ्यात मी त्याचे चित्र काढले ते एक गंमत म्हणून. पात्राच्या मधोमध, दोन्हीकडे तोंड असलेला मारुती, आणि त्याच्या पायाशी खेळणारी पोरे. पुढे एका श्रावणात शनिवारी संध्याकाळी नाशिकला उतरलो तर सगळ्या स्थानकावर एकच बोलणे. ‘मारुतीच्या गुडघ्याला लागलं.’ चहाच्या दुकानात गेलो, तेथे कोणी बातमी आणली, ‘कमरेला आलं.’ मला वाटले, कोणाच्या घरी आजारपण आहे की काय! मग उलगडा झाला. नाशिककर पूर फुटांत मोजत नाहीत, मारुतीच्या अंगावर मोजतात. गुडघा, कंबर, छाती. प्रत्येक अवयवाबरोबर कोणत्या गल्लीने सामान उचलायचे हे ठरलेले असते. शेजारीच १७४७ मध्ये बांधलेले नारोशंकराचे देऊळ आहे. त्याची मोठी घंटा प्रसिद्ध आहे. पाणी त्या घंटेपर्यंत चढणे ही महापुराची खूण. २००८ च्या सप्टेंबरात जो महापूर आला त्यात मारुती पाण्याखाली गेला होता.

त्या श्रावणात मी पुराची चित्रे काढली. घरी येऊन धुतली, आणि हाती काय आले? पाणी. नुसते गढूळ पाणी आणि त्यातून वर आलेले एक धड. ज्याने नाशिक पाहिले नाही त्याला त्यातून काही कळेना. मग मला माझे उन्हाळ्यातले चित्र आठवले. ते काढून शेजारी ठेवले. एकात मारुतीच्या पायाशी खेळणारी पोरे, दुसऱ्यात त्याच्या कमरेला लागलेली गोदावरी. दोन्ही चित्रे एकेकटी अगदी सामान्य, पण शेजारी शेजारी ठेवताच पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येई. तेव्हा मला कळले की पावसाळ्याचे चित्र वाचायला उन्हाळ्याचे चित्र लागते. एका ऋतूचा कोश दुसऱ्या ऋतूत असतो.

आता जरा माझ्या फजितीची गोष्ट सांगतो, म्हणजे आपल्याला हसायला मिळेल. शहर नगर. २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण मी सांगतो आहे ती गोष्ट जुनी आहे. मे महिना होता. तोवर मी पस्तीस मिलिमीटरचा नवा कॅमेरा घेतला होता. त्यात एका रोलवर छत्तीस चित्रे! बारा चित्रांच्या माणसाला छत्तीस चित्रे म्हणजे लग्नातले जेवण. नगरला फराहबाग म्हणून निजामशाहीच्या काळातला महाल आहे. सोळाव्या शतकातला, अष्टकोनी, आणि बांधलेला तलावाच्या मधोमध. मी गेलो तेव्हा तलाव कोरडा ठणठणीत होता आणि डोक्यावर बरोबर तो सावली गिळणारा सूर्य. बाहेर पाय ठेवणे कठीण झाले म्हणून आत शिरलो, आणि त्या घुमटाखाली गारव्याने अक्षरशः थबकलो. जाड भिंती, उंच कमानी, वाऱ्याला मोकळ्या वाटा, आणि पूर्वी चहूकडे पाणी. मला वाटे हा महाल शोभेसाठी बांधला. त्या दुपारी कळले, हा मे महिन्याला दिलेला जबाब आहे. नगरसारख्या कमी पावसाच्या मुलखात पाण्याच्या मध्यावर जाऊन बसण्याची कल्पना ज्याला सुचली त्याने उन्हाळा चांगलाच सोसलेला असला पाहिजे.

मी खूश होऊन एकामागून एक चित्रे काढली. छत्तीस झाली, सदतीस झाली, अडतीस झाली. रोल संपेचना. मला वाटले, काय उदार कंपनी आहे! घरी येऊन पाहतो तो फिल्मचे टोक दात्यांत अडकलेच नव्हते. रोल जागच्या जागी राहिला होता आणि मी दिवसभर नुसती कळ दाबत होतो. आमच्या घरी विचारले, ‘काय आणलेत नगरहून?’ मी म्हटले, ‘ऊन.’

त्या फजितीमुळे डिसेंबरात पुन्हा जावे लागले, आणि ते बरेच झाले. मे महिन्यात जे ऊन उंबऱ्याबाहेर थांबत होते तेच आता तिरपे होऊन कमानींतून खोल आत शिरले होते आणि थंडीत ते हवेसे वाटत होते. उन्हाळ्यात उन्हाला दाराशी थांबवायचे आणि हिवाळ्यात घरात घ्यायचे, हे काम कमानीची उंची आणि भिंतीची जाडी परस्पर करीत होती. चित्रे सापडली असती तर मी डिसेंबरात गेलो नसतो. कधी कधी न आलेले चित्रही आपल्याला शिकवते.

यानंतर कोल्हापूर. महालक्ष्मीचा किरणोत्सव आपण जाणता. देऊळ पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबरच्या ९, १० व ११ तारखेला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून येतात, गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा अशी एकेक पायरी ओलांडत गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत, असा परंपरेने सांगितलेला क्रम.

१९८० साली ९ नोव्हेंबर रविवारी आला. दिवाळीचे दिवस होते. ताई ओवाळायला वाट पाहत होती, तिचा रुसवा पत्करून मी कोल्हापूर गाठले. गाभाऱ्यात कॅमेरा नेता येत नाही आणि नेऊही नये. माझा विचार महाद्वाराशी उभे राहून उजेडाची वाट टिपावी असा होता. चार वाजल्यापासून उभा होतो. पाच वाजता पश्चिमेला एक ढग आला, तो सूर्य मावळेपर्यंत हलला नाही. लोक हात जोडून परतले. मी हात चोळत परतलो.

परतीच्या गाडीत शेजारी एक शाळामास्तर होते. ते म्हणाले, ‘अहो, एवढे का खट्टू होता? जानेवारीत या. तो परत येतोच.’ मी म्हटले, ‘कोण?’ ते म्हणाले, ‘सूर्य!’ आणि त्यांनी मला वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर आकृती काढून दाखवली. नोव्हेंबरात सूर्य रोज थोडा थोडा दक्षिणेकडे सरकत मावळतो. डिसेंबरच्या २१-२२ ला तो टोकाला पोहोचतो आणि तेथून वळतो. वळल्यावर परतीच्या वाटेवर पुन्हा त्याच जागी येतो. टोकाच्या अलीकडे सुमारे सहा आठवडे आणि पलीकडे सुमारे सहा आठवडे. म्हणून वर्षात दोनदा तीच वाट, तोच उंबरा. ज्यांनी हे देऊळ या दिशेने बांधले त्यांना हा हिशेब ठाऊक होता. मला तो चाळिसाव्या रोलनंतर एका प्रवाशाने शिकवला.

१९८१ साली ३१ जानेवारीला शनिवार होता. मी पुन्हा गेलो, आणि दोन दिवस राहिलो. आभाळ निरभ्र होते. पण मी जे चित्र आणले ते किरणांचे नव्हे. किरणांकडे पाठ करून मी लोकांची तोंडे टिपली. एका ओळीत उभी असलेली शंभर माणसे, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून पुढे सरकणारा उजेडाचा एक पट्टा. माझ्या सगळ्या आयुष्यात मला साधलेल्या चार-सहा चित्रांपैकी ते एक आहे.

येथे एक खंतही सांगितली पाहिजे. अलीकडच्या वर्षांत किरणांच्या वाटेत महाद्वार रस्त्याच्या बाजूची उंच बांधकामे आल्याची तक्रार वारंवार झाली, प्राध्यापकांनी मोजण्या करून अडथळे दाखवले, त्यांवर चर्चा झाल्या. सूर्य आपली वेळ चुकवीत नाही. आपण मात्र त्याच्या वाटेत गच्ची बांधतो, आणि बांधताना ती कोणाच्या वाटेत येते हे पाहत नाही, कारण आपण ती वाट वर्षातल्या ३६५ पैकी ज्या सहा दिवसांत दिसते त्या दिवसांत तेथे नसतो. ऋतू न पाहता शहर पाहणे हा केवळ छायाचित्रकाराचा दोष नव्हे. जो नगर बांधतो, जो पूररेषा आखतो, जो ओढा बुजवतो, त्याचाही हाच दोष आहे. मे महिन्यात जागा पाहून घर घेणाऱ्याला जुलैतला ओढा ठाऊक नसतो. तो ठाऊक करून घ्यायला फार विद्या लागत नाही. पावसाळ्यात एकदा तेथे जाऊन उभे राहावे लागते, एवढेच.

श्रोतेहो, आतापर्यंत मी माझ्या शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. आता एक मूर्खपणाची सांगून संपवतो. ही सांगण्यासाठीच खरे तर मी आज आलो.

आमचा वाडा येथे पेठेतच होता. दोन मजले, मध्ये चौक, चौकात एक तुळशीवृंदावन आणि कोपऱ्यात एक पारिजातक. पावसाळ्यात चारही बाजूंच्या पागोळ्या चौकात पडत. आई त्यांच्याखाली तांब्याचे घंगाळ ठेवी, त्याचा आवाज रात्रभर येई. मी लहानपणी त्या आवाजावर झोपत असे. १९९१ मध्ये आई गेली. १९९४ मध्ये वाडा पाडला आणि तेथे इमारत उठली. तक्रार नाही. आम्हीच सह्या केल्या.

काही वर्षांपूर्वी माझ्या नातीला शाळेत ‘आमचे जुने घर’ असा विषय दिला. ती म्हणाली, ‘आजोबा, तुमच्याकडे तर हजारो फोटो आहेत. वाड्याचे द्या.’ मी मोठ्या ऐटीने कपाट उघडले. डब्यांवर माझ्या अक्षरात चिठ्ठ्या. वाई, ग्रीष्म. वाई, वर्षा. नाशिक, श्रावण. नगर, मार्गशीर्ष. कोल्हापूर, माघ. तीस वर्षांचे ऋतू ओळीने लावलेले. त्यांत वाडा नावाचा डबा नव्हता. दुसऱ्याच्या गावचा पाऊस टिपायला मी शंभर-दोनशे किलोमीटर जात होतो, आणि माझ्या स्वतःच्या चौकात पडणाऱ्या पावसाचे एकही चित्र माझ्याजवळ नाही. वाडा कोठे जातो आहे, असे वाटत होते. तो रोजचा होता. म्हणून राहून गेला.

नातीने हट्ट सोडला नाही. दोन दिवस आम्ही जुन्या फिल्मच्या पट्ट्या उजेडात धरून पाहत होतो. शेवटी वाईच्या एका रोलच्या टोकाला दोन चित्रे सापडली. अकरावे आणि बारावे. त्या वेळी रोल पुरा झाल्याशिवाय धुवायला टाकवत नसे. वाईहून परत आल्यावर दोन चित्रे उरली असतील. आई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. ती दुपार मला ते चित्र पाहताच आठवली.

ती म्हणाली होती, ‘अरे, माझा कसला काढतोस? हे लुगडेही धड नाही. देवळाबिवळाचा काढ.’

मी म्हटले होते, ‘रोल संपवायचा आहे ग. हलू नकोस.’

ती हसली आणि म्हणाली, ‘म्हणजे उरलेसुरले माझ्या वाट्याला. नेहमीचेच.’

ती हसली म्हणून हलली. चित्र हलके अस्पष्ट आहे. मागे चौकाचा एक कोपरा दिसतो, पारिजातकाची एक फांदी, आणि जमिनीवर लांब सावली. त्या सावलीवरून मी आज सांगू शकतो की तो हिवाळा होता. बस्स, आमच्या घराचा एवढाच एक ऋतू शिल्लक आहे. आमच्या घरात आता भिंतीवर एकच चित्र आहे, आणि ते बक्षिसाचे नाही.

म्हणून आपल्याला माझी विनंती अगदी लहान आहे. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि रोल संपण्याची धास्ती नाही. आपण दूरदूर जाता, अवश्य जा. पण एक शेजारचे शहर धरा, अगदी एकच, आणि तेथे वर्षातून तीनदा जा. वैशाखात, आषाढात, पौषात. एकाच जागी उभे राहून, त्याच बाजूला तोंड करून चित्र काढा, आणि मागे तारीख लिहा. मग एकदा मागच्या बाजूलाही जा. तेथे कोणी दुर्वा विकणाऱ्या मावशी असतील तर त्यांचे ऐका. असे तीन ऋतू झाले की शहर आपल्याशी बोलू लागेल.

आणि त्या शहराला निघण्यापूर्वी, पिशवी खांद्याला लावलेली असतानाच, पहिले चित्र आपल्या घरचे काढा. शेवटचे नव्हे, पहिले. या पावसाळ्यात काढा. पागोळ्या असतील तर त्यांचे, नसतील तर गॅलरीतून दिसणाऱ्या पावसाचे. आणि घरात कोणी तांदूळ निवडत बसले असेल, तर त्यांना सांगू नका की रोल संपवायचा आहे.